हलका हात

"अरे, बॅटरी गेलीच नव्हती," बायको बूट काढता काढता म्हणाली. "चार्जरच्या भोकात नुसता कचरा बसला होता. आमच्या ऑफिसातल्या आकृत्यावाल्यांनी काडीनं काढला. चहा निवायच्या आत झालं सगळं." मग तिने दुसरा बूट काढला, लॅपटॉप टेबलावर ठेवला, चार्जर लावला, आणि आठवडाभर मेलेला तो पांढरा ठिपका एकदा लुकलुकून पेटला. तिचा नवरा, चष्मेवाला, हातात ओली ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. एवढ्यावर ती थांबली असती तरी भागलं असतं. पण आत जाता जाता, पाठमोरीच, खास कुणाला म्हणून नाही अशा आवाजात ती बोलून गेली, "हात काय हलका आहे रे त्यांचा." ताटलीवरून पाण्याचा थेंब त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. त्याने तो पुसला नाही.

आठवडाभर या लॅपटॉपचा वैद्य तोच होता. सुरुवातीला त्याने वायर नाडीसारखी चाचपली आणि ती आतून तुटली असल्याचा निकाल दिला. नवी वायर आली, उजेड काही आला नाही. मग दोष चार्जरकडे गेला. नवा चार्जर आला आणि तोही पाहुण्यासारखा नुसताच बसून राहिला. शेवटी त्याने लॅपटॉप पालथा केला, त्याच्या पोटावर तळवा ठेवला आणि घरातल्या वडीलधाऱ्याने सांगावं तसं सांगितलं, की बॅटरी गेली, यांचं आयुष्यच तेवढं असतं, आता मन घट्ट करायचं. बायकोने मान हलवली होती. ज्याची उभी हयात लोकांच्या बुबुळांवर दिवा धरून आत काय आहे ते बघण्यात गेली, त्याने त्या नखाएवढ्या भोकात एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं. आणि तिने यावर टोमणा मारला नाही, हे अधिक वाईट होतं. टोमणा मारला असता तर त्याने फणकारा केला असता, दोन वाक्यं इकडची, दोन तिकडची, फिटंफाट झाली असती. पण तिने ते फक्त सांगितलं. साबण संपलाय असं सांगावं, तसं.

हलका हात. जेवताना त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोटं आखूड, पण ज्या स्क्रूसाठी लोक भिंग मागतात ते या बोटांनी नुसत्या स्पर्शावर बसवले होते. गिऱ्हाइकाच्या कानामागे फ्रेम वाकवताना कुणी कधी हाय म्हटलं नव्हतं. तरी लहानपणी घरात त्याचा हात जड ठरला होता, आणि घरात एकदा ठरलं की ते वरच्या कोर्टात जात नाही. आईच्या डोळ्यात काही गेलं की ती म्हणायची, "दादाला हाक मार." दादा यायचा, रुमालाच्या टोकाला पीळ द्यायचा, आईची हनुवटी वर करायचा, आणि आई मान मागे टाकून, तोंड थोडं उघडं ठेवून, अशी विश्वासाने उभी राहायची की धाकट्याला दारामागे उभं राहून वाटायचं, आपल्या डोळ्यात एक अख्खं तुळईएवढं लाकूड जावं आणि ते काढायला कुणीच येऊ नये, मग कळेल. एकदा त्याने हट्ट करून रुमाल हातात घेतला होता. आईने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "नको रे बाबा, तुझा हात जड." तो चष्म्याच्या धंद्यात का शिरला हे पुढे अनेकांनी अनेकदा विचारलं. तो सांगायचा, स्वच्छ काम आहे, बसून करायचं आहे. दादा आता लांबच्या शहरात लाकडाची वखार चालवतो आणि त्याचे हात फळीसारखे झालेत. पण आईच्या दरबारातला निकाल तसाच राहिला, कारण निकाल देणारी गेली.

बायको यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करते. अमुक बटण दाबून ठेवावे, तमुक झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करावी, भोकात कोणतीही परकी वस्तू घालू नये. ती असं काही लिहिते आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस त्याच्या आकृत्या काढतो, बाण काढतो, बाणांना आकडे देतो. तोच हा आकृत्यावाला. चष्मेवाल्याने त्याला पाहिलेलं नव्हतं. आजवर तो तिच्या बोलण्यातला एक कोपरा होता, खिडकी किंवा पंखा असतो तसा. आता त्या कोपऱ्यात माणूस उगवला आणि चष्मेवाल्याने त्याचं बारसंही करून टाकलं: काडीवाला. नाव ठेवलं की माणूस लहान होतो, असा त्याचा अनुभव. हा काही लहान होईना.

कारण भोक एवढंसं होतं. हा हिशेब कुणीही करून पाहावा. लॅपटॉपच्या कडेला असलेल्या, उभ्या तांदळाएवढ्या फटीत काडी घालायची तर डोकं किती जवळ न्यावं लागतं? एकाने लॅपटॉप धरला असणार, म्हणजे तिने. दुसऱ्याने काडी. कपाळं जवळ आली असणार. तिचे केस पुढे येतात, ते तिने कानामागे सारले असणार. त्या कानामागे फ्रेमची दांडी नेमकी कुठे टेकते हे जगात एकाच माणसाला ठाऊक असायला हवं होतं. श्वास रोखला असणार दोघांनी, कारण बारीक काम करताना माणसं श्वास रोखतात, आणि मग सुटल्यावर एकदम सोडतात, आणि हसतात. चष्मेवाला स्वतः रोज परक्या बायकांच्या चेहऱ्यांपासून वीतभर अंतरावर असे. कुणाच्या पापण्या थरथरतात, कुणाच्या नाकाला घाम येतो, कुणी त्याच्या शर्टाच्या बटणाकडे एकटक बघत राहते, आणि त्याच्या मनात काचेच्या मध्यबिंदूखेरीज काहीही नसे. पण स्वतःच्या निर्मळपणावरून दुसऱ्याचा निर्मळपणा ताडावा एवढा तो भोळा नव्हता. आपण वीतभर अंतरावर जाऊन काही घेत नाही, म्हणून दुसराही घेत नसेल, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

पुढचे काही दिवस त्याने गळ टाकून पाहिला. आकृत्यावाल्यांचं वय काय असेल, असं त्याने दात घासताना विचारलं. असेल आपल्याएवढं, थोडं पुढे. घरी कोण असतं? एकटेच असतात, बहीण येऊनजाऊन. बोलतात का फार? नाही. ती उत्तरं सरळ देत होती आणि त्याच्या धंद्यात सरळ उत्तराचा भरवसा नसतो. ज्याला तक्त्यावरची खालची ओळ दिसत नाही तोच ती घाईघाईने, न अडखळता, पाठ असल्यासारखी वाचून दाखवतो. मग एकदा तिने आपण होऊन सांगितलं की त्या दिवशी त्यांनी आधी लॅपटॉप बंद करायला लावला, मग लाकडी काडी ब्लेडने तासून चपटी केली, लॅपटॉप कडेवर उभा धरला, आणि मधल्या पट्टीला धक्का न लावता नुसत्या भिंतीभिंतीने काडी फिरवली. आणि करड्या लोकरीचा एवढासा बोळा सुरवंटासारखा बाहेर आला. "फुंकर पण नाही मारली," ती म्हणाली. "म्हणतात, फुंकरीनं ओल जाते आत." चष्मेवाला म्हणाला, "बरोबर आहे." त्याला हे ठाऊक होतं. त्याला सगळंच ठाऊक होतं, फक्त विचारायला कुणी आलं नव्हतं. रागाची आणि मत्सराची एक गंमत असते. राग माणसाला दारं आपटायला लावतो, मत्सर त्याला सभ्य करतो. त्या दिवसांत चष्मेवाल्याने भाजी चिरली, कपडे वाळत घातले, तिच्या बहिणीची फोनवर आपण होऊन चौकशी केली. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, जावईबापू गोड बोलायला लागले की घरातले चमचे मोजून ठेवावेत. त्या हसण्यावारी म्हणाल्या होत्या.

त्याच्या दुकानात एक रीत होती. नवा चष्मा घेऊन गेलेलं गिऱ्हाईक दोन दिवसांनी परत येतं, म्हणतं, कसंतरीच वाटतंय. चष्म्यात काही नसतं. तो चष्मा घेऊन पडद्याआड जायचा, पिवळ्या मऊ फडक्याने काचा पुसायचा, थोडा वेळ नुसता उभा राहायचा, मग बाहेर येऊन चष्मा स्वतःच्या हाताने त्यांच्या नाकावर ठेवायचा आणि म्हणायचा, "आता बघा." आणि त्यांना दिसायचं. यात फसवणूक नव्हती. माणसाला काच हवी असते तेवढंच कुणीतरी आपलं ऐकून आत जाऊन आलेलं हवं असतं. बायको त्याच्याकडे असं काही घेऊन आल्याला किती काळ लोटला, याचा विचार त्याच्या मनात आला तेव्हा तो त्या फडक्यांचा खण साफ करत होता. खणाच्या तळाशी फडक्यांचे सुटलेले तंतू साठतात, पिवळे, पिंजलेल्या कापसासारखे. त्याने चिमूटभर घेतले, बोटात मळले. मग कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकले. का, हे त्याने स्वतःलाही सांगितलं नाही. कळत नव्हतं असं नाही.

रविवारी संध्याकाळी ती काम आवरून आंघोळीला गेली. लॅपटॉप टेबलावर होता, बंद. चष्मेवाल्याने दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने त्या भोकात पाहिलं. मधोमध पट्टी, भोवती चकचकीत भिंती, धुळीचा कण नाही. इतकं स्वच्छ की काडीवाल्याची सही दिसावी. नळाचा आवाज येत होता. त्याने चिमट्याने एक एक तंतू उचलून आत सोडला, काडीच्या पाठीने कडेकडेने दाबला, पुन्हा सोडला, आणि हे करताना त्याला जाणवलं की हात किती अलगद चालतोय. पट्टीला कुठे स्पर्श नाही. असं काम त्याने कित्येक वर्षांत केलं नव्हतं, आणि बघायला कुणी नव्हतं. बेत साधा होता. ती बाहेर येईल, चार्जर लावील, ठिपका पेटणार नाही, ती त्याला हाक मारील. तो सावकाश उठेल. म्हणेल, बघू. तिला दिव्याजवळ बसवील, भिंग तिच्या डोळ्याला लावील, आणि म्हणेल, आता बघ.

ती केस पुसत बाहेर आली, लॅपटॉप उचलला, पिशवीत टाकला आणि बहिणीशी फोनवर बोलत गॅलरीत जाऊन बसली. फोन संपल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं की तो चार्ज-बिर्ज करायचा नाही का. "अर्धा आहे अजून. उद्या ऑफिसात लावीन," ती म्हणाली. आता यावर काय बोलणार? आताच लावून बघ, असा आग्रह जगातला कुठला नवरा करतो? त्याने आपल्या हाताने गळ टाकला, आमिष लावलं, आणि मासा गळासकट दुसऱ्याच्या तळ्यात पोहायला निघाला. सोमवारी सकाळी ती पिशवी खांद्याला लावून गेली तेव्हा तो जिन्यापर्यंत पोहोचवायला आला. "काय रे?" तिने विचारलं. काही नाही म्हणाला.

सकाळभर दुकानात त्याला काहीच नीट सुचेना. एका म्हातारबाबांना त्याने त्यांच्या चष्म्याऐवजी त्यांच्या सुनेचा चष्मा घातला आणि बाबा म्हणाले, छान दिसतंय. ठिपका पेटला नसेल. ती शेजारी वळली असेल. काडी तासली जात असेल. पिवळा बोळा बाहेर येईल, आणि दोघं हसतील, आणि ते हसू त्याने स्वतः पुडीत बांधून पुरवलेलं असेल. दादा एकदा रुमाल घ्यायला आत गेला होता तेव्हा धाकट्याने आईच्या डोळ्याजवळ मुद्दाम पंखा फिरवला होता, अजून काही उडून आत जावं म्हणून. हे त्याला आत्ता, अक्षरांचा तक्ता पुसताना, आठवलं. तेव्हाही काढायला दादालाच बोलावलं होतं.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास एक माणूस दुकानात शिरला. उंच, थोडा वाकलेला, शर्टाच्या खिशात पेन्सिली. त्याने दाराजवळची पाटी, कागद हात लांब करून वाचावा तशी, मान मागे नेऊन वाचली. मग नमस्कार करून तो म्हणाला, "मी मॅडमच्या शेजारी बसतो. आकृत्या काढतो. त्यांनीच पाठवलं, म्हणाल्या आत्ताच्या आत्ता तुमच्याकडे जा." चष्मेवाल्याने त्याला बसायला सांगितलं. आवाज नेहमीचा निघाला. धंदा ही फार मोठी गोष्ट आहे. माणूस बुडत असला तरी धंदा म्हणतो, बसा, काय त्रास होतो?

त्रास जवळचं दिसण्याचा होता. वर्षभर तरी असेल. आकृत्यांतले बारीक आकडे आता अंदाजाने काढत होता, आणि ऑफिसात कुणाला बोलला नव्हता, कारण आकृत्यावाल्याला आकृत्या दिसत नाहीत हे बोलून दाखवायची गोष्ट नाही. मॅडमच्या आज लक्षात आलं. "त्यांचा लॅपटॉप पुन्हा अडला," तो म्हणाला. "मागच्या वेळी काढला मी कचरा, पण खरं सांगू का, दिसत काहीच नव्हतं. हाताला लागेल तसं, भीत भीत केलं. आज थोडंसं बाहेर आलं आणि मग हात धजेना. मधली पट्टी मोडली तर मशीनच जायचं. चारला त्यांना काम पाठवायचंय आणि बॅटरी संपत आलीय. आमच्याकडे दुसरं मशीन रिकामं नाही." चष्मेवाल्याने जड तपासणीची फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली. वीतभर अंतर. त्याच्या भुवईत एक पांढरा केस होता, उलटा वळलेला. श्वासाला पेन्सिलीच्या लाकडाचा वास. ज्या हाताबद्दल ऐकलं होतं तो गुडघ्यावर होता, शाईने डागाळलेला, आणि किंचित थरथरत होता. म्हणजे हलका हात तो हा. भित्रा हात. दिसत नसलेल्या माणसाचा हात.

"मग मला फोन का नाही केला?" चष्मेवाल्याने काच बदलताना विचारलं. काडीवाला अवघडून म्हणाला, "मी म्हटलं त्यांना. म्हटलं घरात एवढं बारीक काम करणारा माणूस असताना मी कोण. त्या म्हणाल्या, नको, त्याला वाईट वाटतं." चष्मेवाल्याच्या हातात दोन काचा होत्या. त्या तशाच राहिल्या. आठवडाभर त्याने ज्या गोष्टीसाठी झोप घालवली होती तिच्यात निदान एक रुबाब होता: दोन कपाळं, एक काडी, रोखलेला श्वास. आणि निघालं काय, तर त्याला वाईट वाटतं. घरातल्या जुन्या कपाटाचा दरवाजा हळू लावा, निघून येतो, तसं. तिने दुसऱ्याकडे जावं यासाठी दुसरा कुणी लागलाच नव्हता. त्याला क्षणभर असं वाटलं की यापेक्षा तिचं या माणसावर प्रेम असतं तर बरं झालं असतं. प्रेमाशी भांडता तरी येतं.

आणि इथे, काच बसवता बसवता, त्याला दिसलं की हा माणूस त्याच्या मुठीत आहे. पाव नंबर कमी द्यायचा. अर्धा नको, अर्धा कळतो; पाव कळत नाही. याला वाटेल सुधारलं, पण बारीक गोष्टी तशाच धूसर राहतील, काडी तशीच भीत भीत चालेल, आणि हळूहळू कुणीच याच्याकडे काही घेऊन येणार नाही. हा विचार त्याने पूर्ण केला. पूर्ण करेपर्यंत त्याच्या बोटांनी योग्य काच उचलून खोबणीत बसवलीसुद्धा होती. हाताला मत्सर कळत नाही. त्याला फक्त सवय कळते. "वाचा," तो म्हणाला. काडीवाल्याने सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ वाचली. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "नखात शाई आहे हो माझ्या," तो म्हणाला, पोरासारखा. तो इकडेतिकडे बघायला लागला: पेन्सिलीवरची अक्षरं, गल्ल्यावरचे ओरखडे, पलीकडे पडलेलं पिवळं फडकं. फडक्यावर त्याची नजर थांबली. त्याने शर्टाच्या खिशातून सकाळची काडी काढली. तिच्या टोकाला पिवळा तंतू अडकला होता. त्याने काडीकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, चष्मेवाल्याकडे पाहिलं नाही. काडी पुन्हा खिशात ठेवली. फ्रेम हळूच उतरवून गल्ल्यावर ठेवली. "चांगलं दिसतंय," तो म्हणाला. "फार चांगलं दिसतंय." नंबर कागदावर उतरवून झाला, फ्रेम ठरली, काचा गुरुवारी मिळतील असं ठरलं. मग दाराशी जाऊन त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं, "येताय ना? उशीर होतोय त्यांना."

दोघं रस्त्याने बरोबर चालले. काडीवाल्याने फुटपाथ कुठे उखडलाय ते दोनदा सांगितलं. ऑफिस वरच्या मजल्यावर होतं, एक लांब टेबल, आणि टेबलाच्या टोकाला ती, लॅपटॉपचा उजेड कमी करून, पडद्यात जवळजवळ शिरून बसलेली. "तू?" ती म्हणाली. मग काडीवाल्याकडे पाहून, "मी तुम्हाला डोळे तपासायला पाठवलं होतं, याला आणायला नाही." पण लगेच तिने होतं तेवढं काम जतन करून लॅपटॉप बंद केला आणि पुढे सरकवला. बंद करायचा हे कुणाला सांगावं लागलं नाही. चष्मेवाल्याने खिशातून चिमटा काढला. "लोखंड नको," काडीवाला हळूच म्हणाला आणि एक नवी काडी पुढे केली, तासलेली. काल लोखंडच वापरलं होतं, हे सांगणार कुणाला. त्याने भिंग लावलं. काडी भिंतीभिंतीने नेली, एका कडेला टेकवली, दुसऱ्या कडेने उचललं. त्याला वाटलं होतं हात थरथरेल. तो पाण्यात पान तरंगावं तसा चालला. इतका हलका की त्याचा त्यालाच लागेना. आणि त्याच्या हाताकडे कुणीही बघत नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष बाहेर येणाऱ्या गोष्टीकडे होतं: पिवळाजर्द, घट्ट, नीटनेटका दाबलेला बोळा. त्याने तो पांढऱ्या कागदावर ठेवला.

कचरा असा दिसत नाही. कचऱ्यात करडेपणा असतो, केस असतो, कुठल्या तरी बिस्किटाचा कण असतो. हे एकाच रंगाचं होतं आणि त्या रंगाच्या फडक्याने रोज सकाळी तिच्या चष्म्याच्या काचा पुसल्या जात होत्या. ती कागदाकडे बघत राहिली. "कुठलं हे?" तिने विचारलं. खोटं बोलायला सवड होती. पिशवीतून गेलं असेल, फडकं पिशवीत असतं, तंतू सुटतात. अशी पाच-सहा तयार उत्तरं त्याच्यापाशी होती आणि एकेक दुसऱ्यापेक्षा पटण्यासारखं. त्याने वर पाहिलं. काडीवाला आपल्या जागी जाऊन एक कागद हातभर लांब धरून वाचत होता. जे त्याला वाचता येणं शक्य नव्हतं, ते तो मन लावून वाचत होता.

"मी घातलं," चष्मेवाला म्हणाला.

"कधी?"

"काल. तू आंघोळीला गेलीस तेव्हा."

तिने विचारलं नाही, का. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर ते कदाचित एवढं लहान दिसलं नसतं. तिने कागदाची घडी केली, बोळ्यासकट, आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकली. चार्जर लावला. ठिपका पेटला. "मला चारला द्यायचंय," ती म्हणाली. "बसायचं तर बस." बसायला जागा नव्हती. तेव्हा काडीवाला उठला, आपली खुर्ची पुढे ढकलली, आणि पेन्सिली घेऊन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

त्या खुर्चीत चष्मेवाला बसला. इथून ती डावीकडून दिसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण काम करताना ती कशी दिसते हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. घरी ती काम करायची ती भिंतीकडे तोंड करून. वाक्य लिहिण्याआधी ती ते ओठांनी, आवाज न करता, म्हणून बघत होती. अवघड शब्द आला की एक पाय बुटातून बाहेर यायचा आणि शब्द सापडला की आत जायचा. तिच्या कपाळावर एक उभी आठी होती जी घरी कधीच नसते. ती चिडल्याची आठी नव्हती, भुकेल्या माणसाची असते तशी, आत ओढून घेणारी. आणि खाली वाकलं की तिचा चष्मा नाकावरून घसरत होता. दर दोन ओळींनी ती तो मनगटाच्या पाठीने वर ढकलत होती, सवयीने, नकळत, कित्येक वर्षांचा सराव असावा तशी. तो चष्मा त्याने बनवला होता. तो घसरतो हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. हे सगळं त्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला रोज फुकट मिळत होतं. अर्थात आजवर धूसर. गुरुवारपासून लख्ख, आणि ती सोय चष्मेवाल्याने स्वतःच्या हाताने करून दिली होती. कागद अजून दुकानात होता. काचा उद्या कापायच्या होत्या. पाव नंबर.

"त्यांच्या चष्म्यात काही गंमत करू नकोस हं," ती पडद्यावरची नजर न काढता, त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

त्याचे कान तापले. चोरी होण्याआधीच पकडणारं हे माणूस. आणि त्या तापलेपणाच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी सुखासारखं हललं. हलका हात कुणाचाही असू शकतो, खुर्ची कुणालाही मिळू शकते. पण त्याच्या मनाचा हा एवढा कोता, एवढा कडेचा कोपरा दिव्याशिवाय बघू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते काडीवाल्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं. येणारही नव्हतं. "नाही करत," तो म्हणाला. तिचा चष्मा पुन्हा घसरला. त्याचा हात आपोआप उठला, तिच्या कानामागे जिथे दांडी टेकते तिकडे. "थांब जरा," ती म्हणाली, "हे एवढं होऊ दे." त्याने हात परत मांडीवर घेतला आणि तो बसून राहिला, दुसऱ्याच्या खुर्चीत, दुकानातली गिऱ्हाइकं बसतात तसा, आपली पाळी येईपर्यंत.